कुंपणापाशी कोणीतरी

निळा ठिपका. दारावरच्या घंटीतल्या कॅमेऱ्याचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा — कुमार समोर आला की पेटायचा, बाजूला झाला की विझायचा. शनिवारची सकाळ; कचऱ्याची रिकामी बिन आत घ्यायला म्हणून तो बाहेर आला होता आणि पाच मिनिटं दारातच उभा होता. आता हा माझंही चित्र घेतो आहे, आणि ते तीन फोनांवर जाणार — माझ्या, वीणाच्या, निहारिकाच्या. तीन फोनांवर... गेल्या अकरा दिवसांत हा हिशेब त्याने शंभरदा केला होता. त्या सकाळची क्लिप त्याने पुसली होती खरी, पण पुसण्याआधी तासभर ती तिन्ही फोनांवर होती. त्या तासात कोणी उघडली का, हे विचारायचं कसं? विचारणं म्हणजेच कबूल करणं.

अकरा दिवसांपूर्वी, सकाळी पावणेसातच्या ट्रेनमध्ये त्याचा फोन थरथरला होता. बाहेर अजून अंधार, थंडी. पडद्यावर त्याच्याच घराचं कुंपण आणि कुंपणापाशी कोणीतरी — डोक्यापासून गळ्यापर्यंत काहीतरी चढवलेला, नुसते डोळे उघडे, एक हात कुंपणावरून आत घातलेला. आदल्याच महिन्यात गल्लीत दोन गाड्यांच्या काचा फुटल्या होत्या. वीणा आणि पोरगी घरात झोपलेल्या. कोणीही तेच केलं असतं — कोणीही. त्याने पोलिसांना फोन लावला. माणूस कसा दिसतो, असं पलीकडच्या बाईने विचारल्यावर तो म्हणाला, "बॅलक्लाव्हा घातलाय. डार्क-स्किन्ड." शेवटचे दोन शब्द त्याने आवाज खाली आणून उच्चारले होते, शेजारच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाऊ नयेत म्हणून. स्वतःचं नाव मात्र सांगितलं नाही. "नो वरीज," बाई म्हणाली.

तासाभराने कळलं, तो माणूस म्हणजे चंद्रहासकाका. सहा घरं सोडून राहणाऱ्या राजीवचे वडील, वाईहून इथे परदेशात लेकाकडे चार महिन्यांसाठी आलेले, वय शहात्तर. पूजेला फुलं तोडत होते. आणि डोक्यावर कानटोपी. साधी, लोकरीची, तपकिरी कानटोपी! माझ्या स्वतःच्या वडिलांनी दिवाळीपासून होळीपर्यंत डोक्यावरून न उतरवलेली. मीही घातलेली, आई मागे लागायची म्हणून. या अख्ख्या गल्लीत त्या टोपीला ओळखू शकेल असा एखादा माणूस असेल तर तो मी. आणि मीच तिला दरोडेखोराचा बुरखा...

पोलिसांनी काही वावगं केलं नव्हतं, हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगे. हात दिसतील असे ठेवा म्हणाले, फुटपाथच्या कडेला बसवलं, राजीव स्लीपर घालून धावत येईपर्यंत वीसेक मिनिटं गेली, मग सॉरी म्हणून निघून गेले. कोणी बोटही लावलं नाही. फक्त त्या दिवसापासून काका फाटकाबाहेर पडले नव्हते आणि परतीचं तिकीट त्यांनी महिनाभर अलीकडे आणायला लावलं होतं.

"चार वाजता जायचंय ना राजीवकडे?" आत आल्यावर वीणाने विचारलं. ती थालीपीठ थापत होती. "तो म्हणत होता, कंप्लेंट लेटर तयार आहे, तुझी फक्त सही हवी."

"हो."

"जोअननेच केला असणार रे फोन. समोरच्या खिडकीत तर बसलेली असते." मग तव्यावर झाकण ठेवत, "आपल्या कॅमेऱ्यात काहीच आलं नव्हतं? आपल्याच कुंपणाशी होते ना काका. मीच सांगितलं होतं त्यांना, आमची जास्वंदी खुशाल न्या म्हणून. तुला सांगायचं राहिलंच."

"बॅटरी गेली होती."

फार पटकन म्हणालो. वीणाने मान वर केली नाही. का केली नाही? एरवी नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडणारी ही बाई — बॅटरी कधी बदललीस, मला का नाही सांगितलंस — आज गप्प कशी? आणि 'आपल्याच' या शब्दावर तिने जोर दिला होता की मला तसं वाटलं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण चांदण्यातही कधीकधी खरंच कोणीतरी उभं असतं.

निहारिका फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी आली. युनिव्हर्सिटीत तिसरं वर्ष. महिन्याभरापूर्वी राजीवच्याच घरी बापलेकीचं चारचौघांत वाजलं होतं. टीव्हीवर अमेरिका होती — रस्ताभर माणसं, फलक, रडणारी एक आई. कोणा काळ्या माणसाला पोलिसाने गोळी घातली होती आणि कोर्टाने पोलिसाला सोडलं होतं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर तेच चालू होतं. दोन तट पडले होते, दोघांनी ग्रुप सोडला होता. कुमारने तिथे लांबलचक मजकूर टाकला होता: पोलिसाला एका सेकंदात ठरवायचं असतं, आपण घरी बसून बोलतो. त्याला एकोणतीस अंगठे आले होते.

"ही वॉज जस्ट वॉकिंग, बाबा," निहारिका त्या दिवशी म्हणाली होती.

"चालण्याचीसुद्धा एक पद्धत असते," तो म्हणाला होता, आणि राजीव खो खो हसला होता.

एकटे काका हसले नव्हते. कोर्टात समन्स बजावणारा बेलिफ म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस, टीव्हीकडे बघत म्हणाले, "पोलीस आपण होऊन येत नाहीत. यांना बोलावलं कोणी होतं? त्याचं नाव कोणीच घेईना."

आता तोच राजीव ग्रुपवर लिहीत होता की आपल्याकडे अमेरिकाच झाली आहे. त्यालाही अंगठे येत होते, बहुतेक त्याच एकोणतीस जणांचे.

"यू ओके, बाबा?" निहारिकाने विचारलं. तिची नजर त्याच्यावर जरा जास्तच वेळ रेंगाळली. बघितलीय हिने. बघितलीय आणि वाट बघते आहे, बाप स्वतःहून सांगतो का ते. की नुसतंच विचारलं, जसं कोणतीही मुलगी विचारते? त्याला तिचा राग आला — आणि राग आल्याची लाजही वाटली.

चार वाजता निघाला तेव्हा जोअन तिच्या अंगणात गुडघ्यावर बसून तण उपटत होती. सत्तरीची, गोरी, एकटी, बिन पंधरा मिनिटं उशिरा आत घेतली तरी टोकणारी. तिने मातीचा हात वर केला, "आफ्टरनून, कुमार! त्या म्हाताऱ्या गृहस्थांची तब्येत कशी आहे?" तिचं इंग्रजी आज इतकं मऊ कशाला? हिच्याकडे पोलीस येऊन गेले असतील का? फोन कोणी केला ते हिला कळलं असेल? खिडकीत बसणारी बाई. त्या सकाळी तिने बरंच काही पाहिलं असणार. "ही'ज गुड," एवढंच बोलून तो चालू लागला, आणि पाठीवर तिची नजर आहे की नाही हे वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही.

राजीवने दीड पानाचं पत्र केलं होतं. त्यात जोअनचं नाव तीनदा होतं. 'आमच्या खात्रीलायक माहितीनुसार.' 'वर्णद्वेषातून.' खाली साक्षीदार, आणि कुमारचं नाव आधीच टाइप केलेलं.

"तूच हवास मला," राजीव म्हणाला. "तुझ्या घरासमोर झालं ना. आणि तू पोलिसांच्या बाजूचा, सगळ्यांना माहितीये. तू सही केलीस की कोणी म्हणणार नाही की आम्ही उगाच कांगावा करतो."

हा सापळा आहे. याला कळलंय, आणि हा मला माझ्याच हाताने... कुमारने राजीवच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. दाढी वाढलेली, झोप नाही. बापाच्या अपमानाने आतून सोललेला माणूस. तिथे सापळा नव्हता.

काका आतून आले. डोकं उघडं होतं, केस विरळ. कुमारला बघून त्यांचा चेहरा उजळला. खुर्ची ओढून ते त्याच्या शेजारी बसले आणि चष्मा लावून कागद वाचू लागले, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत.

"राजीव, ह्या बाईंनी फोन केला हे पाहिलं कोणी?"

"अप्पा, आणखी कोण करणार?"

"आणखी कोण करणार, हा पुरावा नव्हे." मग कुमारकडे वळून, "तुमचं नाव साक्षीदारात घातलंय. काय ठाऊक आहे तुम्हाला, तेवढंच सांगा. सावकाश. मी लिहून घेतो." त्यांनी राजीवच्या हातातलं पेन घेतलं.  "मला बाकी काही नको हो. जाण्याआधी एकदा कळलं पाहिजे, माझ्याकडे बघून कोणाला काय दिसलं."

कुमारने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. सबंध दिवस तो ज्याच्यापासून पळत होता ते तिथे सापडेल अशी त्याची खात्री होती — एखादी कड, एखादी शंका. काहीच नव्हतं. आम्ही एकाच गल्लीतले, दोघंही मराठी. ह्या माणसाने अख्ख्या रस्त्यात फुलांना हात लावला तो फक्त माझ्या कुंपणातल्या, आपलं घर म्हणून. अकरा दिवस आपण धरले जाऊ म्हणून भ्यालो. आता पहिल्यांदाच वेगळी भीती वाटली, आणि ती जास्त वाईट होती — की ह्यांना माझा संशय कधीच येणार नाही. मी गप्प राहिलो तर हे तसेच वाईला जातील, जोअनचं नाव घेऊन, आणि मला दिवाळीला फोन करत राहतील.

"काका," तो म्हणाला.

"बोला," काका म्हणाले. त्यांनी कागद उलटा करून त्याची कोरी बाजू वर घेतली होती.