मुख्य आरोपी येईपर्यंत

जुलैच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला वसईच्या न्यायालयात फेलिशिया तुस्कानो यांचा अर्ज पुकारला गेला आणि दोन-तीन मिनिटांत पुढे ढकलला गेला. अर्ज पासपोर्ट परत मिळण्यासाठी होता, तोही दोन महिन्यांपुरता. मुलगी जेनिफर टोरांटोला असते. तिचं पहिलं बाळंतपण, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. सरकारी वकील म्हणाले की मुख्य आरोपी परदेशात आहे, त्याचं प्रत्यार्पण व्हायचं आहे, अशा वेळी सहआरोपीला देशाबाहेर जाऊ देणं योग्य नाही. न्यायाधीशांनी तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागितलं. तपास अधिकारी बंदोबस्ताला गेले होते.

"एकोणतीस तारीख मिळालीय," फेलिशिया यांच्या वकील जयवंती चौधरी व्हरांड्यात येऊन म्हणाल्या.

"म्हंजे मी पळून जाईन, असं म्हनतात ते?"

"तसं म्हणावं लागतं त्यांना, आंटी."

"जिना उतरताना कठडा धरते मी. पळनार कशी?"

"तुम्ही आणि तो परेश तिकडे भेटाल, असं त्यांचं म्हणणं आहे."

"अगं, तो युरोपात, पोरगी कॅनडात!"

"तेही सांगितलं मी. 'विदेश म्हणजे विदेश' म्हणाले."

फेलिशिया यांचे पती ज्युड शेजारी छत्री धरून उभे होते. ते म्हणाले, "नकाशा नाय काय कोर्टात?"

जयवंतीताई हसल्या. फेलिशिया हसल्या नाहीत.

त्या पाचूबंदरच्या. वय सत्तावन्न. एका सरकारी कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर त्यांची बहुतेक नोकरी गेली. टेबलावरचा संगणक जुना होता. संध्याकाळी बंद केला की सकाळी सुरू व्हायला जेवणाची सुट्टी उजाडायची आणि तोवर दाखल्यांसाठी आलेली माणसं फाटकापर्यंत उभी राहायची. संगणकांच्या देखभालीला गोखिवऱ्यातल्या एका लहान कंपनीचा माणूस यायचा, परेश ठक्कर. चहा पिता पिता त्यानंच उपाय सांगितला होता.

"आंटी, हा म्हातारा झालाय. रात्री झोपवला तर सकाळी उठेल याची गॅरंटी नाय. चालूच ठेवा."

मुख्य लिपिक दिनानाथ राऊत यांनी मान डोलावली. "फक्त स्क्रीन बंद करा, डबा चालू राहू दे," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. तेव्हापासून फेलिशिया निघताना स्क्रीन बंद करायच्या आणि धूळ बसू नये म्हणून वर टॉवेल टाकायच्या. त्यांची रजा असली की शेजारच्या टेबलावरची बाई टॉवेल टाकायची. आत त्यांच्या नावाचं खातं उघडं असायचं. कार्यालयात हे कुणाला चुकीचं वाटत नव्हतं, कारण सकाळी रांग पटकन सरकायची.

परेश नोकरी सोडून परदेशी गेला. दुरूनच दुरुस्ती करता यावी म्हणून संगणकात शिरण्याची वाट त्यानं मोकळीच ठेवली होती. तिथे बसून तो त्या वाटेनं आत येऊ लागला आणि पैसे घेऊन सरकारी यंत्रणेत खोटे जन्म नोंदवू लागला. दुसऱ्या राज्यातल्या एका चौकशीत सापडलेली माणसं वसईतल्या एकाच दवाखान्यात जन्मलेली निघाली तेव्हा प्रकरण उघड झालं. तो दवाखाना कधीच पाडला गेला होता. त्या जागी टॉवर उभा होता. प्रत्येक नोंदीखाली नाव होतं एफ. तुस्कानो.

पोलिसांनी त्यांना एकच प्रश्न वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडून विचारला. संगणक बंद का केला नाही?

"बंद केला तर चालू कोन करनार?" हे त्यांचं उत्तर प्रत्येक वेळी सारखंच होतं.

त्या निलंबित झाल्या. अटकपूर्व जामीन मिळाला, पण पासपोर्ट जमा करण्याच्या अटीवर. परेशलाही तिकडे अटक झाली, आठवड्यात जामीन मिळाला आणि त्याचाही पासपोर्ट तिथल्या न्यायालयानं ठेवून घेतला.

"त्याचा पन तिकडे, माझा पन इकडे," फेलिशिया म्हणायच्या. "इकडे यायला लागू नये म्हनून तो भांडतो. मी जावं म्हनून भांडते. दोघांना घरीच बसवलंय."

तारीख मिळाली त्याच आठवड्यात फेलिशिया आणि ज्युड तुळिंजला दिनानाथ राऊत यांच्याकडे गेली. राऊत आता निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नीनं कोकम सरबत आणलं. संगणक चालू ठेवण्याची सूचना आपली होती एवढं राऊत लिहून देतील, तर पासपोर्टच्या अर्जाला बळ येईल, असं जयवंतीताईंनी सांगितलं होतं.

"मी म्हटलं होतं, बाई. नाही कुठे म्हणतो?" राऊत म्हणाले. "पण ते तोंडी होतं."

"मग आता लेखी द्या."

"तोंडी म्हटलेलं लेखी कसं देणार? पद्धतच नाही तशी."

"साहेब, सगळ्या हापिसानं ऐकलं होतं."

"ऐकलं ना? मग त्यांना सांगायला लावा."

"ते म्हनतात, राऊत साहेबांनी आधी सांगू दे."

राऊतांनी पंख्याकडे पाहिलं. "माझी विभागीय चौकशी लागली तर या वयात मी कुठे धावू? तुम्ही अजून सेवेत आहात."

"मी निलंबित हाय."

"तेच. सेवेतच की."

फेलिशिया यांनी न प्यायलेला पेला ट्रेमध्ये ठेवला. "मी मेले की नोंद तोंडीच करा, साहेब," असं म्हणून त्या उठल्या. ज्युड सरबत संपवून मागोमाग आले. जिन्यात त्यांच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "गोड होतं काय?"

परेशच्या सुनावणीच्या बातम्या ज्युड मोबाइलवर शोधून वाचून दाखवायचे. परेशच्या वकिलानं तिथे दोन मुद्दे मांडले होते. पहिला, भारतातल्या तुरुंगात आपल्या अशिलाला पुरेशी हवा मिळणार नाही. भारत सरकारनं लेखी हमी दिली. न्यायालयानं कोठडीचे फोटो मागितले. फोटो पाठवले गेले. दुसरा मुद्दा वाचताना ज्युड थांबले.

"वाच ना."

"तो म्हनतो, त्यानं काय फोडलंच नाय. कॉम्प्युटर चालू होता, खातं उघडं होतं. संबंधित कर्मचारी महिलेनं..." ज्युडनी चष्मा वर केला. "ते तुझ्याबद्दल हाय."

फेलिशिया बोंबील साफ करत होत्या. हात तसाच राहिला. "त्यानंच सांगितलं ना चालू ठेव म्हनून! माझ्याच टेबलावर बसून, माझीच खारी खाऊन!" मग सुरी पुन्हा चालू झाली. "त्याला हवा किती पायजे ते विचारतात. मला कोनी विचारलं, बाय, तुझी पोरगी कधी बाळंत होनार?"

जेनिफर रोज फोन करायची. "मम्मी, डेट मिळाली का?" कोर्टाची की डॉक्टरची, हे दोघींना सांगावं लागत नव्हतं. तिचा नवरा नेल्सन ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. शेवटी तीच म्हणाली, "मग पप्पांना तरी पाठव."

दोघांचे व्हिसा गुन्हा दाखल होण्याआधीच आलेले होते. ज्युडवर कसलाच गुन्हा नव्हता. मस्कतला त्यांनी नोकरी केली होती, विमानाची भीती नव्हती. भीती होती ती बाळाची. जेनिफर तान्ही असताना ते मस्कतलाच होते.

रविवारी चर्चमधून आल्यावर फेलिशिया यांनी त्यांना मोरीत पाटावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि पायांवर लाल भोपळा ठेवला.

"मान धर."

"भोपळ्याला मान कुठं असते?"

"देठाकडं धर. असं नाय, टबात आपटशील त्याला. आंगठा कानामागं, बाकीची बोटं खाली. पानी नाकात गेलं तर?"

"भोपळ्याच्या?"

"ज्युड, हसू नको हां."

भोपळा दोनदा निसटला. तिसऱ्या वेळी फेलिशिया स्वतः पाटावर बसल्या. त्यांनी तो पायांवर पालथा घेतला, कोपरानं पाणी बघितलं, पाठीवरून ओंजळीनं सोडलं, उलटा केला, कपाळाच्या जागी हात आडवा धरून वरून तांब्या रिता केला. सगळं एका दमात झालं. मग त्यांनी तो मांडीवर घेऊन टॉवेलनं पुसला. देठाभोवतीच्या खाचा टॉवेलच्या टोकानं कोरड्या केल्या. भोपळा ज्युडच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "आता तू."

सव्वीस जुलैला ज्युड गेले. एकोणतीसला तपास अधिकाऱ्याचं म्हणणं न्यायालयात दाखल झालं. त्यावर उत्तर द्यायला सरकारी वकिलांनी मुदत मागितली. ती मिळाली. तिकडच्या न्यायालयानं कोठडीचे नवे फोटो मागवले आहेत, कारण आधीच्या फोटोंत खिडकी बंद होती. ते न्यायालय आता उन्हाळी सुट्टीवर आहे.

जेनिफरला आज पहाटेपासून कळा सुरू झाल्याचा ज्युडचा निरोप आला आहे. त्यानंतर फोन लागलेला नाही.