गल्लीभर खकाणा

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, दाना ओलीच्या अरुंद गल्लीत संभाजीरावांनी मसाल्याची चक्की टाकली, तेव्हा पहिल्या दिवशी पेढे वाटायला हेमांगीच दारोदार फिरली होती. संभाजीराव तिच्या नवऱ्याचे, विक्रमसिंहांचे सख्खे चुलते. दोन्ही घरांची भिंत एकच, आणि घराची वाटणी अजून व्हायची होती. हळद, धणे दळले जात होते तोवर कुणाची तक्रार नव्हती. मग हॉटेलांच्या ऑर्डरी आल्या आणि रोज मिरची दळली जाऊ लागली.

खिडक्या लावून घेतल्या तरी खकाणा आत यायचाच. दुधावर, चादरींवर, देवांवर लालसर भुकटी बसायची. गल्लीतून जाणारा माणूस रुमालात तोंड खुपसून पळायचा. हेमांगीला आधी दमा नव्हता. तो त्या वर्षी लागला.

ती काकांकडे गेली. "काकासाहेब, निदान मिरची तरी दुसरीकडे दळा. श्वास घेता येत नाही."

संभाजीराव हसले. "आपले वाडवडील बारुदीचा धूर खाऊन लढले, सूनबाई. आणि तुला मिरची सोसवत नाही?"

"वाडवडील रोज घरात बारूद उडवत नव्हते."

त्यांचं हसू गेलं. "घर अजून माझ्या नावावर आहे, हे विक्रमला विचार जरा."

विक्रमसिंहांना विचारायची गरजच पडली नाही. ते स्वतःच म्हणाले, "गप्प राहा. वाटणी होईपर्यंत तरी गप्प राहा."

ती गप्प राहिली नाही. इंदरगंजला भालचंद्र वकिलांचं ऑफिस होतं, तिथे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "त्रास फक्त तुम्हाला असेल, तर दिवाणी दावा करा आणि तारखा मोजत बसा. पण शेजारपाजाऱ्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना, सगळ्यांनाच त्रास असेल, तर तो सार्वजनिक उपद्रव. त्यासाठी एसडीएमकडे, म्हणजे प्रांतसाहेबांकडे, अर्ज करता येतो, आणि ते चक्की हटवायचा हुकूम देऊ शकतात. मात्र गल्लीनं तुमच्या बाजूनं बोललं पाहिजे."

"सगळे खोकतात, वकीलसाहेब."

"खोकणं वेगळं, ताई. साहेबांसमोर सांगणं वेगळं."

हेमांगी घरोघर गेली. कुणाला संभाजीरावांनी नळाचं कनेक्शन मिळवून दिलं होतं, कुणाच्या मुलीच्या लग्नात मसाला फुकट दिला होता. समोरच्या घरातल्या विजयाबाईंचा मुलगा गोविंद तर चक्कीवरच कामाला होता. विजयाबाईंचे डोळे कायम पाणावलेले असायचे, जिना चढताना छाती वाजायची. तोंडावर पदर धरूनच त्या म्हणाल्या, "मला कुठे काय होतंय? तुमच्या घरातलं भांडण माझ्या दारात आणू नकोस."

"मावशी, तुमची छाती इथवर ऐकू येते."

"मग कान बंद कर," म्हणत त्यांनी दार लावलं.

हेमांगीने एकटीच्या सहीने अर्ज दिला.

नोटीस आली त्या दिवशी संभाजीरावांनी चक्कीचा एग्झॉस्ट पंखा काढून हेमांगीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बसवला. पुढे ती भाजी घ्यायला उतरली की ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबत. कुणीतरी तिच्या पायरीवर शेण टाकलं. विक्रमसिंह काकांकडे जेवू लागले. परत आले की एवढंच म्हणत, "शिंगणापूरकर घराण्याची इज्जत तू कचेरीत नेऊन टांगलीस."

"आणि माझी फुप्फुसं?" तिने एकदा विचारलं. ते झोपायच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

एसडीएमच्या सांगण्यावरून नायब तहसीलदार जागेची पाहणी करायला आले, तेव्हा चक्की धुऊन लख्ख केलेली होती. एग्झॉस्ट पंखा काढलेला. दारात धण्यांची पोती मांडलेली. भर उन्हात सगळी गल्ली जमली होती. साहेबांनी एकेकाला विचारलं आणि एकेकाने सांगितलं, "कोई तकलीफ नहीं है, साहब." विजयाबाई पुढे होत्या. त्यांनीही तेच सांगितलं.

"देखिए मैडम," साहेब हेमांगीकडे वळले, "शिकायत तो अकेली आपकी है."

"साहब, मशीन चलवाइए. मिर्ची डलवाइए. फिर पूछिए."

"बिजली गई हुई है," संभाजीराव म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचा दिवा मात्र जळत होता. साहेबांनी तो पाहिला, पण ते फाईल मिटत होते.

हेमांगी चक्कीत शिरली. धण्यांच्या मागे मिरचीची पोती होती. गोविंद आडवा आला. "वहिनी, नका ना. साहब लोग खड़े हैं."

"बाजूला हो."

तिने एक पोतं फाडून मशीनच्या वरच्या पेटीत रितं केलं आणि खटका दाबला. झाकण लावलं नव्हतं. मशीन गरजलं आणि लाल ढग दारातून थेट गल्लीत गेला.

पुढचं सगळं एकदमच झालं. साहेब फाईल तोंडावर धरून ओट्याखाली वाकले. बायका एकमेकींना ढकलत पळाल्या. संभाजीराव शिव्या द्यायला गेले, पण ठसक्याने शब्दच फुटेना. गोविंदने मशीन बंद केलं. तोवर विजयाबाई स्वतःच्या पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी गळा धरून, आणि त्यांचे ओठ निळे पडत होते.

"आई!" गोविंद धावला.

हेमांगी दारात उभी होती. तिचाही श्वास कोंडला होता, तरी ती ओरडली, "अब पूछिए, साहब! अब पूछिए इनसे!"

विजयाबाईंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्या दिवशी कुणाला काही विचारायची वेळच आली नाही. साहेबांनी डोळे धुतले आणि जे स्वतः सोसलं ते अहवालात लिहिलं. हेमांगीने परवानगीशिवाय मशीन चालवलं, हेही लिहिलं. संभाजीरावांनी तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. ती अजून चालू आहे. पण वस्तीत मिरची दळायची नाही, चक्की हलवायची, असा हुकूम निघाला.

विजयाबाईंना ऑक्सिजन लावला होता. हेमांगी फळं घेऊन भेटायला गेली. गोविंद उठून बाहेर गेला. विजयाबाईंनी मास्क खाली ओढला.

"माझ्या छातीवर पाय देऊन जिंकलीस."

हेमांगी माफी मागायच्या तयारीने आली होती. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "तुम्ही खरं बोलला असतात तर मला ते पोतं फाडावं लागलं नसतं."

"घेऊन जा तुझी फळं."

तिने ती घेतली आणि जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर तिला रडू फुटलं; कशाचं, ते तिलाही नीट कळलं नाही. विजयाबाई गेल्याची बातमी ऐकावी लागली नाही, एवढंच एक देवाचे आभार मानण्यासारखं होतं.

चक्की वस्तीपासून लांब, मुरारच्या पलीकडे एका शेडमध्ये गेली. गोविंदला आता दोन टेंपो बदलून जावं लागतं. विजयाबाई घरी आल्या आणि काठी टेकत का होईना, जिना चढतात. गल्लीतले लोक दुपारी खिडक्या उघड्या टाकून झोपतात, अंगणात पापड वाळत घालतात. हेमांगीशी कुणी बोलत नाही. वाटणीत संभाजीरावांनी विक्रमसिंहांना मागच्या दोन अंधाऱ्या खोल्या दिल्या, आणि विक्रमसिंहांनी मुकाट्याने सही केली.