नावाभोवतीची चौकट

चार जून, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. खोली क्रमांक एकशे चौदामध्ये मेलानिया लुकिव्हनाने पोलादी पट्टी खाली ठेवली आणि चष्मा पुसला.

"हे काय आहे?"

ओरिस्या टेबलावर वाकली. पूलबांधणीवरच्या तिच्या प्रबंधाचे ते पहिले पान होते. वर विद्यापीठ, मध्ये शीर्षक, खाली तिचे नाव आणि त्याखाली मार्गदर्शक: प्राध्यापक तादेय होलोवाच. या शेवटच्या नावाभोवती काळी चौकट होती.

"मी नाही घातली. शप्पथ, मेलानिया लुकिव्हना. सरांना मारून मला काय मिळणार?"

चौकटीचा अर्थ त्या इमारतीत पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक होता. माणूस गेलेला असेल, तरच छापील पानावर त्याच्या नावाभोवती चौकट येते.

होलोवाच जिवंत होते. काल संध्याकाळीच त्यांनी गावाबाहेरच्या आपल्या बागेतून मेलानियाला फोन केला होता. स्ट्रॉबेरी पिकल्यात, साडेअकराच्या बसने येतो, बरणी आणतो. अकरा वर्षे ते तिचे पती होते. घटस्फोटाला वीस वर्षे झाली, तरी दर जूनमध्ये बरणी यायची. तिने ती कधी नाकारली नव्हती, आणि त्यांना बसा असेही कधी म्हटले नव्हते.

"पुन्हा छापून आण," ती म्हणाली.

एकतीस वर्षे ती प्रबंधांचे बाह्यरूप तपासत होती. डावा समास तीस मिलिमीटर, उजवा दहा, ओळींमध्ये दीडपट अंतर. आत काय लिहिले आहे याच्याशी तिचा संबंध नव्हता. पण तिच्या शिक्क्याशिवाय कोणी परीक्षकांपुढे उभे राहू शकत नसे. मुले पाठीमागे तिला 'मिलिमीटर' म्हणत. तिला ते माहीत होते, आणि नाव अचूक वाटत होते.

पावणेअकराला ओरिस्या डीनच्या कार्यालयातून नवे पान घेऊन आली. चौकट होतीच. संगणकाच्या पडद्यावर मात्र नाव मोकळे दिसत होते. मग मेलानिया स्वतः ग्रंथालयात गेली आणि तिथल्या यंत्रापुढे उभी राहिली. पान हळूहळू बाहेर सरकले. विद्यापीठ, शीर्षक, ओरिस्या. मग चौकट, आणि तिच्या आत नाव.

तिने पट्टी लावली. रेघ एक मिलिमीटर जाड, अक्षरांपासून दोन मिलिमीटर दूर. हे माप तिचे होते. एकोणनव्वद साली ती चौकटी टाकाने आखायची, तेव्हाचे. त्या वर्षी व्हरांड्यातल्या कुजबुजीवर विसंबून तिने विद्यापीठाच्या लेखसंग्रहात एका आजारी अध्यापकाच्या नावाभोवती चौकट आखली होती. तो बरा होऊन घरी आल्याचे कळले, तेव्हा पाने छापून झाली होती. लेखसंग्रह बांधून आला त्याच आठवड्यात तो गेला. तिला कोणी काही बोलले नाही. उलट, काम वेळेवर झाले म्हणाले. त्यानंतर मृत्यूचा दाखला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिने एकही चौकट मान्य केली नव्हती.

अकरा चाळीसला, सरांना घ्यायला गेलेली ओरिस्या फाटकावरून धापा टाकत आली. "बस येऊन गेली. सर नव्हते."

मेलानियाने फोन लावला. कोणी उचलला नाही. मग तिने बागेशेजारच्या म्हाताऱ्या पराश्काला लावला.

"थांब गं, बघते," पराश्का म्हणाली. बऱ्याच वेळाने तिचा आवाज परत आला. "दार सताड उघडं आहे. किटली अजून कोमट. बरणी भरून पायरीवर ठेवलीय, बूटही तिथेच. अनवाणी कुठे उलथला हा माणूस?"

बारा वाजता आजच्या परीक्षेची नोंदणी बंद होणार होती. पुढची परीक्षा जानेवारीत, आणि ओरिस्याची नोकरी एक जुलैला सुरू होत होती.

"चौकटीसकट शिक्का मारला," मेलानिया म्हणाली, "तर तो गेला असं मी सही करून सांगितल्यासारखं होईल."

ओरिस्या पानाकडे बघत राहिली. "मग नका मारू," ती म्हणाली. "जानेवारीत बघू. नोकऱ्या काय, मिळतात."

मेलानियाने खणातून दाढीचे पाते काढले आणि खालून दिवा असलेल्या टेबलाच्या काचेवर पान पसरले.

"खरवडलेलं चालतं?"

"नाही."

खाडाखोडीसाठी तिने शेकडो पाने परत पाठवली होती. आता तिने आधी वरची रेघ खरवडली, मग दोन्ही बाजूंच्या, शेवटी खालची. कागद इतका पातळ झाला की काचेतला उजेड आरपार दिसू लागला. अकरा सत्तावन्नला तिने शिक्का मारला.

दोन वाजता परीक्षा झाली. मार्गदर्शकाची खुर्ची रिकामी होती. ओरिस्या उत्तीर्ण झाली, आणि चार वाजता प्रबंध नेहमीप्रमाणे एकशे चौदाच्या कपाटात आला.

सहाला पराश्काचा फोन आला. बागेमागच्या नदीवर त्यांची होडी काठाला बांधलेलीच होती. पोलीस बूट घेऊन गेले होते. प्राध्यापक सापडले नव्हते.

मेलानियाने कपाट उघडले. पहिल्या पानावर तीन बाजू कोऱ्या होत्या. चौथी, खालची रेघ पुन्हा उमटू लागली होती. तिने पट्टी लावली. जाडी एक मिलिमीटर. नावाच्या पहिल्या अक्षराखालून निघालेली रेघ अजून शेवटच्या अक्षरापर्यंत पोचलेली नव्हती. एकोणीस मिलिमीटर बाकी होते.

तिने खुर्ची पुढे ओढली आणि पाते पुन्हा हातात घेतले.