मागच्या फाटकाचं कुलूप

मी शाळेच्या मागच्या फाटकाचं कुलूप बोलतोय. आधीच पैज लावतो, माझ्या गोष्टीचा शेवट तुम्हाला ओळखता येणार नाही. तुम्ही म्हणाल, कुलूप उघडलं, पोरगी आत गेली, परीक्षेत चमकली, झालं. लावा, लावा डोकं.

माझं शिक्षण म्हणजे पोटावर कोरलेला एक आकडा, तोही गंजानं खाल्ला. पण खोड्या विचारा. शिपायाची किल्ली तोंडात घ्यायची आणि दातखीळ बसल्यागत गप्प राहायचं. तो तेल घालतो, शिव्या घालतो, मी ढिम्म. आणि एखाद्या पोरानं नुसता हिसडा दिला, की सोडला जबडा.

पुढच्या फाटकातून गाडीतली पोरं येतात. मागून वस्तीतली, गवंड्याची, धोबिणीची, हमालाची. शाळा एकच. पण निकालाच्या तक्त्यावर हेडमास्तर पुढच्यांना हिरवा रंग देतात, मागच्यांना लाल.

सरकारी परीक्षेच्या आदल्या दिवशी हेडमास्तर माझ्यापाशी सिगारेट ओढायला आले. बरोबर गणिताचे सर.

"ही लाल पोरं आपली टक्केवारी खातात," हेडमास्तर म्हणाले. "उद्या हे फाटक उघडायचं नाही. पुढून वळसा घालेपर्यंत घंटा होते. घंटेनंतर आला तो गैरहजर. आणि गैरहजर टक्केवारीत धरत नाहीत."

"पण सर, नापास होतील ना ती."

"त्यांना काय फरक पडतो हो?"

ज्यांना फरक पडतो ती सकाळी आली. पुढं हमालाची पोरगी, मागं सगळी पलटण. पोरीला आईनं बजावलेलं, यंदा नापास झालीस तर शाळा बंद, माझ्याबरोबर शिलाईच्या कारखान्यात यायचं.

"काका, उघडा ना."

"वरून हुकूम आहे पोरी," शिपाई म्हणाला. "माझ्या पोटावर पाय येईल."

पोरीनं रागानं मला हिसडा दिला. मी जबडा सोडला. पलटण आत.

"कुलूपच थेरडं झालंय, मी काय करू," असं म्हणून शिपाई तोंड फिरवून हसला.

निकाल लागला. गणितात हमालाची पोरगी शाळेत पहिली. आता तुम्ही टाळ्या पिटणार. हात खाली ठेवा.

दुपारी हमाल पोरीला घेऊन आला, तर हेडमास्तर फाटकातच उभे.

"वस्तीतून एवढे मार्क? कॉपी आहे ही. तोच पेपर माझ्यासमोर बसून परत लिहायचा."

"आणि दुसरा आलेला तो गाडीतला?" हमालानं विचारलं. "त्यालाही बसवणार का साहेब?"

"त्याची गोष्ट वेगळी."

"लिहिते मी, बाबा," पोरगी म्हणाली.

पुढचं गणिताच्या सरांनी शिपायाला सांगितलं, माझ्याकडं पाठ करून. पोरीनं सगळं परत बरोबर लिहिलं. एक चूक नाही. हेडमास्तर म्हणाले, "बघा, पाठच करून ठेवलाय." आणि कॉपीचा अहवाल वर पाठवून पेपर रद्द करवला. पोरगी नापास.

"तुम्ही बोलला नाहीत?" शिपायानं विचारलं.

"बोललो. म्हणाले, परीक्षेला तुम्ही वर्गावर झोपला होतात असं वर कळवू का?"

असल्या माणसांना शाळा लागते कशाला? जाळा ती. मी लोखंड आहे, मला आच लागत नाही म्हणायचे लोक. त्या दिवशी लागली.

फाटकाला नवं कुलूप बसलंय, मी शेजारच्या खिळ्याला टांगलोय. शाळेची घंटा होते, त्याच वेळी हमालाची पोरगी आईच्या मागून इथून जाते. कारखान्यात तिला शर्टांची बटणं मोजायला बसवलंय. मालक म्हणतो, पोरगी हिशेबाला पक्की आहे.