आधी घोटे, पोट शेवटी

मित्रांनो, रंग उडालेला, चिकटपट्ट्या झिजलेल्या असा मी एक निळा पोशाख आहे. बाळंतपणानंतर जिचे रक्त थांबत नाही, तिला मला नेसवतात. मी तिचे पाय आणि पोट घट्ट आवळतो, म्हणजे अंगात उरलेले रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे राहते. पण रक्तस्रावाचे मूळ कारण मी दूर करत नाही. ते काम औषधांचे आणि डॉक्टरांचे. मी त्यांना वेळ मिळवून देतो.

मोखाडा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी आलो, तेव्हा सगळ्यांना मी रेनकोट वाटलो. पुष्पलता सिस्टरांनी मला कपाटातून काढले आणि कारकुनाला म्हणाल्या, "गोकुळभाऊ, जरा बाळंतीण व्हा." गोकुळभाऊ लाजत आडवे झाले. अशी माझी तालीम झाली.

मग सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची रामी आली. मुलगी सुखरूप जन्मली, पण रक्त थांबेना. सिस्टरांनी इंजेक्शन दिले, सलाईन लावले, मला घोट्यांपासून वर पोटापर्यंत आवळले, आणि रुग्णवाहिका जव्हारकडे निघाली.

"मढ्यासारखी काय बांधलीस गं पोरीला? श्वास तरी घेऊ दे!" गाडीत रामीच्या उशाशी बसलेली तिची सासू कोंडी कळवळून म्हणाली. सिस्टर सलाईनची बाटली बदलायला वळल्या, तेवढ्यात कोंडीने माझी पोटावरची पट्टी चर्रकन ओढली. रक्त खाली उतरले. रामीचे ओठ पांढरे पडले, मान कलली.

"मावशी, सोडा ते!" सिस्टरांनी मला पुन्हा आवळले आणि नाडीवर बोटे ठेवली. हळूहळू नाडी भरली.

कोंडीने रामीचा हात धरला. "माझ्या हातानं मेली असती का गं बाय?"

"जगणार आहे ती. तिच्याशी बोलत राहा. आणि हे सोडतील ते डॉक्टरच. आधी घोटे, पोट शेवटी."

जव्हारला उपचार झाले, रक्त थांबले. तरी डॉक्टरांनी मला लगेच काढले नाही. रामी कुरकुरली, "पाय आंबलं." तिच्या नवऱ्याने, माघ्याने, पट्टी सोडायला हात पुढे केला.

"हात काढ!" कोंडी गरजली. "डाक्टर सोडंल तवा. आन तेबी घोट्याकडून. पोट शेवटी!"

डॉक्टर हसले. नाडी आणि रक्तदाब स्थिर आहेत हे पाहून त्यांनी एकेक पट्टी खालून सोडली. प्रत्येक वेळी थांबले, पुन्हा मोजले. शेवटी पोट मोकळे झाले, तेव्हा रामी लेकीला पाजत होती.

मित्रांनो, मला सोडण्याची घाई करू नका. काम झाले की मला जंतुनाशक औषधाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, पट्ट्यांत अडकलेले धागे काढा. आणि कृपा करून मला माझ्या केंद्रावर परत पाठवा. घाटावर आणखी पुष्कळ पाडे आहेत, आणि तिथल्या बायका अजून बाळंत व्हायच्या आहेत.