मीटिंगमधली मराठी

यशोवर्धन साहेब पुण्याहून बदलून बेंगळुरूला आले, ते कल्पना नावाची विश्वासू सहकारी आणि इथं कुणाला मराठी कळत नाही ही पक्की समजूत, दोन्ही बरोबर घेऊन. भर मीटिंगमध्ये दोघं मराठीत खुशाल खलबतं करायची.

रूपश्री समोरच असायची. तिचं घराणं पिढ्यान् पिढ्या याच शहरातलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मारतहळ्ळीच्या त्या ऑफिसात सगळे तिला कन्नडिगाच समजत. सुरुवातीला ती गप्प राहिली, कारण आपल्या कन्नडमिश्रित मराठीला पुणेकर हसतील याची लाज वाटली. पुढं गप्प राहिली, कारण ऐकण्यात फायदा होता. कुणाचं काम काढून घेणार, कुणाची रजा अडवणार, सगळं तिला आधी कळायचं. जेवताना ती जिवलग हेमावतीला म्हणायची, "मला आपलं वाटतंय, तो रिपोर्ट आजच पाठव." तुला कसं गं आधी कळतं, असं हेमावतीनं विचारलं की ही हसून विषय बदलायची.

एकदा क्लायंटचं काम उशिरा गेलं आणि वरून विचारणा आली. काम अडकलं होतं कल्पनाकडे.

"हेमावतीचं नाव कळव," साहेब मीटिंगमध्ये कल्पनाला मराठीत म्हणाले. "प्रोजेक्टवरून काढू तिला. ती काही भांडायची नाही."

कल्पनानं तिथंच मेल लिहायला घेतली. हेमावती बिचारी, साहेब बोलतायत म्हणून, मान डोलवत होती. ते रूपश्रीला बघवेना.

"सर, हेमाची काय चूक नाही," ती मराठीत म्हणाली, घरात बोलते तश्शीच. "तिनं काम वेळेवर दिल्तं. कल्पना मॅडमकडंच पडून होतं. स्वल्प विचार करा की."

कल्पनाची बोटं थांबली. साहेबांचा चेहरा पडला. पण मुरलेला माणूस, लगेच सावरला. "अरे! तुम्ही आपल्यातल्याच की! आधी सांगायचं नाही का? बरं, कल्पना, कुणाचंच नाव नको." मग ते मोकळेपणी हसले, कल्पनाही हसली. हेमावती तिघांच्या तोंडांकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर रूपश्रीनं तिला कन्नडमध्ये सगळं सांगितलं.

"म्हणजे पहिल्यापासून तुला कळत होतं," हेमावती म्हणाली.

"म्हणून तर तुला सावध करत होते."

"टीम लीडची जागा निघणार, तेही आधीच कळलं होतं?"

रूपश्रीनं नजर वळवली. ते तिनं महिनाभर आधीच ऐकलं होतं. हेमावतीला पत्ता लागू न देता अर्जही टाकला होता.

दुपारी हेमावती दुसऱ्याच टेबलावर जाऊन बसली. रूपश्री डबा घेऊन जवळ गेली, तशी तिनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली.

"रूपश्री, इकडे या!" साहेबांनी लांबून मराठीत हाक मारली. सगळं कँटीन वळून बघू लागलं. रूपश्री डबा घेऊन क्षणभर उभी राहिली, आणि मग त्यांच्या टेबलाकडे चालू लागली.