परीटघडीचा सदरा

बाभळीचा कोळसा पाडण्यात सावळारामचा जन्म गेला होता. त्याच्या गालावरची काजळी सणासुदीलाही निघत नसे. पण चाकणच्या रस्त्याला नवं तंदूर हॉटेल निघालं आणि तिथं कोळसा द्यायचा तर माणसासारखं जायचं, असा त्याच्या बायकोनं, कुशाबाईनं हट्टच धरला. तिनं त्याला दोनदा साबण लावून घासलं, परीटघडीचा सदरा चढवला आणि कानात अत्तराचा फाया खोचला.

हॉटेलच्या मॅनेजरनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काका, आम्हाला दलाल नको. कोळशाची भट्टी लावणारा माणूसच पाठवा."

सावळारामनं परोपरीनं सांगितलं, पण सदरा त्याच्याविरुद्ध साक्ष देत होता. शेवटी तो बाहेर लावलेल्या कोळशाच्या टेम्पोपाशी गेला, पोत्यात दोन्ही हात घातले, तोंडाला फासले आणि पुन्हा आत आला. या वेळी मॅनेजरनं स्वतः खुर्ची पुढं केली.

संध्याकाळी दारातच कुशाबाईनं त्याचा अवतार पाहिला. "अवं, कुठं तोंड काळं करून आलात?"

"हाटेलात," सावळाराम ऐटीत म्हणाला. "आन् आता दर सोमवारी करायचं हाय."